पाठीला पाठ लावून

ओळख झाली ती भांडणातून, आणि भांडण झालं ते टॉवेलांवरून.

ती नेहमीप्रमाणे टॉवेलांनी गच्च भरलेली ट्रॉली ढकलत जहाजाच्या खालच्या मजल्यावरून निघाली होती. बोळ लांबलचक, दोन्ही बाजूंना बंद दारं, खिडकी औषधालाही नाही. मध्येच एक शिडी उभी होती. शिडीवर दोन बूट, त्यावर ढगळ निळी पँट, आणि कमरेच्या वरचा माणूस छताच्या भोकात गडप! ती शिडीला वळसा घालणार, इतक्यात वरून काहीतरी तरंगत आलं आणि नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्याशुभ्र टॉवेलांवर अलगद टेकलं.

मास्क! कुणाच्या तरी तोंडावरचा, ओलसर, वापरलेला मास्क.

"अहो!" ती भिंतीला चिकटून किंचाळली. "तोंड झाका! आधी तोंड झाका!"

छतातला माणूस खाली उतरला तो कोपरात नाक-तोंड खुपसूनच. वर दोन डोळे तेवढे दिसत होते. त्यांत धूळ गेलेली, पाणी आलेलं… आणि तरीही ते हसत होते.

"झाकलंय की," कोपरातून आवाज आला. "दोरी तुटली हो. मुद्दाम नाही टाकला."

"आता ही सगळी ट्रॉली परत धुवायला टाकावी लागणार."

"एक मास्क पडला म्हणून सगळी?"

"एवढ्याशानंच होतं सगळं," ती म्हणाली. हे ती इतकं हळू म्हणाली की त्याचे डोळे हसायचे थांबले.

तिनं खिशातून एक कोरा मास्क काढला, हात लांब करून शिडीच्या पायरीवर ठेवला आणि ट्रॉली उलटी फिरवली. छाती धडधडत होती. ती धडधड भीतीची होती, यात तिला तेव्हा तरी काही शंका नव्हती.

साथ ओसरल्यानंतरची जहाजाची ही पहिलीच सफर. "ही नीट पार पडली तर पुढच्या होतील, नाहीतर जहाज भंगारात आणि आपण घरी," असं मावशी रोज सकाळी कामं वाटताना सांगायची. मावशी म्हणजे खोल्यांची झाडलोट बघणाऱ्या सगळ्यांची मुकादम. कप्तानसुद्धा तिला मावशीच म्हणायचा. निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. जे प्रवासी आले होते, ते मजा करायला आले होते खरे, पण लिफ्टचं बटण रुमालानं दाबत होते. नाचाच्या हॉलमध्ये वाजवणारे जोरात वाजवत आणि नाचणारे एकमेकांपासून हातभर लांब राहून नाचत. एका आजोबांनी तर उशी नाकाशी धरून तिला विचारलं होतं, "बाळ, या खोलीत आधी कोण होतं गं?"

ती काय सांगणार? आधी कोण होतं, ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

साथ आली तेव्हा ती याच जहाजावर होती. एकही बंदर जहाजाला थारा देईना. सगळे आपापल्या खोल्यांत कोंडलेले. तिच्या खोलीत इस्त्री विभागातली ताई होती. सख्खी नव्हे, पण सख्खीपेक्षा जवळची. टॉवेलांचे प्राणी करायला तिनंच शिकवलं होतं: प्रवासी फिरून येईपर्यंत त्याच्या पलंगावर टॉवेलच्या घड्यांचा हत्ती नाहीतर हंस बसवायचा, ही जहाजावरची जुनी रीत. एका सकाळी ताई खोकली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली आणि तिला बोळाच्या टोकाच्या खोलीत घेऊन गेली. दार बंद होताना ताईनं मागं वळून पाहिलं, तेव्हा मास्कच्या वर फक्त डोळे होते. मग स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज… आणि मग काहीच नाही. बंदरानं होकार दिला, पण तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून ताईचा पुरा चेहरा आठवायला बसलं की तिला डोळेच आठवत. आईनं पुन्हा कामावर सोडताना एकच वचन घेतलं होतं, मास्क काढायचा नाही. वचन घेतलं नसतं तरी तिनं काढला नसताच.

तर असा तो शिडीवरचा माणूस. खोल्याखोल्यांतल्या हवेच्या जाळ्या साफ करून नवे फिल्टर बसवायचे, हे त्याचं काम. त्यामुळे सगळे त्याला हवावाला म्हणत. दुसऱ्या दिवशी तिच्या ट्रॉलीवर नव्या मास्कचं न फोडलेलं पाकीट होतं. तिनं उत्तरादाखल त्याच्या हत्यारांच्या पेटीवर हात पुसायच्या टॉवेलचा एक हत्ती बसवला आणि त्याला सोंडेपर्यंत मास्क लावला.

"डुक्कर छान झालंय," शिडीवरून आवाज आला.

"हत्ती आहे तो!"

"मास्कमुळे ओळखू आला नाही. आपलंही तसंच की. तुम्ही मास्कखाली कशा दिसता, कुणाला ठाऊक!"

"सोंड आहे मला."

तो इतका हसला की शिडी हलली. आणि ती… हसत हसत पुढं गेली, आणि बोळाच्या टोकाच्या त्या बंद दारापाशी आल्यावर पुन्हा गप्प झाली.

जेवायच्या वेळी सगळ्यांनाच मास्क काढावा लागे, म्हणून कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये नवा नियम होता. टेबलं भिंतींना लावलेली, एका टेबलाला एक खुर्ची, आणि प्रत्येकानं भिंतीकडे तोंड करून जेवायचं. खोलीच्या मधोमध दोन टेबलांना मात्र भिंत पुरली नव्हती. तिथं दोन्ही टेबलांपुढे लाकडी फळ्या उभ्या करून दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. एक तिची. दुसरी कुणाची, हे सांगायला नकोच. तो ती खुर्ची पटकावायला रोज धावत येतो, असं मावशी सांगायची.

तो बसला की चमचा ताटलीवर एकदा वाजवी. म्हणजे, मी आलो. दोनदा वाजवला की, वळू का?

"नको," ती म्हणायची.

"बरं. आमटीत मीठ नाहीये ना?"

"तुमच्या तोंडालाच चव नसेल!" म्हणून ती दचकायची. चव जाणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. "खरंच चव लागतेय ना तुम्हाला?"

"लागतेय गं बाई. मीठच कमी आहे." मग जरा थांबून, "एवढी काळजी करतेस माझी?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. पाठीमागून येणाऱ्या त्या आवाजाला तिनं मनातल्या मनात एक चेहराही देऊन टाकला होता: निमुळती हनुवटी, बारीक मिशी, गालावर खळी. अगदी ठरवूनच टाकलं होतं!

आणि मग एका दुपारी कप्तानाचा आवाज भोंग्यावर आला. जहाजावर एकही रुग्ण नाही, आजपासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

मेसमध्ये जल्लोष झाला. मास्क हवेत उडाले. जन्मभराची ओळख असल्यासारखी वागणारी माणसं एकमेकांकडे आ वासून बघायला लागली. "अरे, तुला दाढी आहे?" मावशीच्या गालाला खळी पडते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. ती एकटी मास्क घट्ट दाबून बसली होती. सगळी उघडी तोंडं, सगळे श्वास…

मागं चमचा दोनदा वाजला.

"आता तरी वळू?" तो हळूच म्हणाला. "मर्जीवर आहे म्हणतात."

तिला वळायचं होतं. किती वळायचं होतं! पण ती ताटली तशीच टाकून उठली आणि त्याच्याकडे न बघता पळाली.

दुसऱ्या दिवशी बोळात शिडी होती. शिडीवर कुणी नव्हतं.

"ताप आहे त्याला," मावशी म्हणाली. मावशीच्या तोंडावर पुन्हा मास्क होता. "तपासणी झाली. तेच आहे. टोकाच्या खोलीत ठेवलाय."

टोकाची खोली. ताईची.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. प्रवाशांनी दारं लावून घेतली, उशीवाले आजोबा सामान भरायला लागले. कप्तान बंदराशी बोलत होता. बंदर काय म्हणणार, ते जुन्या लोकांना पाठ होतं. मावशीनं जेवणाचा ट्रे हातात घेतला आणि विचारलं, "कोण नेतंय?" सगळे जमिनीकडे बघायला लागले. तिनं कुणाचा तरी आवाज ऐकला, "मी नेते." आवाज तिचाच होता.

दारापासून थोडं अलीकडे जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. ट्रे ठेवायचा, दार वाजवायचं, पट्टीबाहेर यायचं, मग आतला माणूस दार उघडणार, असा नियम. तिनं ट्रेमध्ये टॉवेलचा ससा ठेवला होता. ती पट्टीबाहेर जाऊन बोळाच्या वळणाआड उभी राहिली. दार उघडलं, मिटलं.

"गाढव?" आतून घोगरा आवाज आला.

"ससा!" ती ओरडली, आणि मास्कच्या आतच रडली.

पण संध्याकाळचा ट्रे घेऊन आली, तर दुपारचा ट्रे तसाच दाराबाहेर. ससा गेला होता, जेवणाला हात लावलेला नव्हता. तिनं दार वाजवलं. पट्टीबाहेर आली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. आत चिडीचूप.

"अहो… अरे, ऐकतोयस ना?"

काहीच नाही. तिच्या कानांत तो चाकांचा आवाज, डोळ्यांपुढे ते डोळे… पळ, असं सगळं अंग सांगत होतं. ती पळालीही, चार पावलं गेली, आणि मग वळली. पट्टी ओलांडली. दाराला पाठ टेकवून खालीच बसली, अगदी मेसमध्ये बसायची तशी.

"मी बसलेय इथं," ती म्हणाली. "पाठीला पाठ. दार आहे मध्ये, पण चालेल. काल मी पळाले ना, ती तुला घाबरून नाही. मला तू आवडतोस, आणि मला आवडलेली माणसं या दाराआड जातात म्हणून. ऐकतोयस? मला भीती वाटते. आताही वाटतेय, हातपाय गार पडलेत. तरी मी उठणार नाहीये."

मग आतून काहीतरी घासत, सरपटत आल्यासारखा आवाज आला. दाराला पलीकडून धप्पकन पाठ टेकली. त्याचा आवाज पार बसला होता. पण चमचा होता.

एकदा वाजला. मी आलो.

ती डॉक्टरांना हाक मारायला धावली.

त्याचा श्वास अपुरा पडत होता. जहाजावर ऑक्सिजन होता, पण डॉक्टर म्हणाले, किनाऱ्यावर न्यायला हवं. सकाळपर्यंत सगळं जहाज भोंग्याकडे कान लावून होतं. ती मावशीचा हात धरून बसली होती. आणि भोंगा बोलला. बंदर नाही म्हणालं नव्हतं. बंदर म्हणालं होतं, आमची बोट निघाली आहे.

मावशी, जहाजावरची सगळ्यात खमकी बाई, ओक्साबोक्शी रडली.

बोट आली. त्याला पांघरुणात गुंडाळून, नाका-तोंडावर नळीचा मुखवटा लावून बोटीत उतरवलं. छातीशी पांढरा ससा होता. ती वरच्या मजल्यावर कठड्यापाशी उभी होती. त्यानं मान उचलून वर पाहिलं. पुन्हा डोळेच. बोट सुटली, आणि मध्ये पाणी वाढायला लागलं. ताई गेली तेव्हा ताईनंही हिचे फक्त डोळेच पाहिले होते, हे तिला एकदम आठवलं.

तिनं मास्क काढला.

वारा गालांना लागला, ओठांना लागला. किती तरी दिवसांनी! भीती होतीच, पण तोंड तिनं फिरवलं नाही. रडून लाल झालेलं नाक, थरथरते ओठ, सगळं त्याला बघू दिलं. खाली पांघरुणातून हात बाहेर आला आणि त्यानं सशाचा कान तिच्या दिशेनं हलवला.

जहाज परत फिरलं नाही. पुढच्या बंदरांनीही आत घेतलं. प्रवासी दबकत दबकत खोल्यांबाहेर आले, आणि आजोबांनी भरलेलं सामान पुन्हा सोडलं. बरा होतोय असा निरोप आला तरी तिला तो खरा वाटेना. निरोप काय, कुणीही पाठवतं.

परतीच्या वाटेवर जहाज त्याच बंदराला लागलं. मेसमधली टेबलं आता पुन्हा मधोमध आली होती. फळ्या गेल्या होत्या. तिनं मात्र आपली खुर्ची हलवू दिली नव्हती. भिंतीकडे तोंड करून ती जेवत होती. बंदरावर कोण चढलं, ते बघायला जायची तिची छाती झाली नव्हती. कुणीच चढलं नसेल तर?

मागं खुर्ची सरकली.

तिचा घास हातातच राहिला. चमचा वाजला. एकदा… दोनदा.

"वळू का?" बसलेला, खरखरीत, पण तोच आवाज.

"थांब," ती म्हणाली. "मी वळते."

ती वळली. आणि त्या बहाद्दरानं, ऐनवेळी घाबरून, कोपरात तोंड खुपसलं! कोपराच्या वर दोन डोळे. पाणी आलेले, हसणारे.

"मी तुला पाहिलंय," कोपरातून आवाज आला. "मी तुला नाही आवडलो तर?"

तिनं त्याचं कोपर धरलं आणि हळूच खाली केलं. निमुळती हनुवटी नव्हती. मिशीचा पत्ता नव्हता. खळी तर नव्हतीच. गोल गरगरीत चेहरा, आजारानं जरा उतरलेला, आणि पुढच्या दोन दातांत फट. हा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. मग तो हसला, आणि तो चेहरा त्या डोळ्यांना जाऊन मिळाला.

"अगदीच वेगळा निघालास," ती म्हणाली.

"परत झाकू?"

"खबरदार," ती म्हणाली, आणि जेवण संपेपर्यंत ते कोपर तिनं सोडलं नाही.