एका बॅटरीचा उजेड

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांच्या बाबतीत ती घडली ते जिनेंद्रमामा आजही सांगलीत आहेत. त्यांनी ती मला रंगवून सांगितली नाही. उलट सांगताना ते मधेच थांबायचे, डोळे मिटून घ्यायचे. घाबरलेल्या माणसासारखे नाही...

दमलेल्या माणसासारखे.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. जागा पाटणच्या वरची, कोयनेच्या पाण्याकडे तोंड करून असलेला एक उघडा माळ. माळाचं नाव मला माहीत आहे. ते मी इथं लिहिणार नाही.

आधी मामा-मामींविषयी सांगायला हवं.

मामांचं खत-बियाण्याचं दुकान. चंदनामामींची फुप्फुसं एका मोठ्या आजारपणात कायमची अधू झाली. दिवसा त्या चालतात, बोलतात, भाकरी थापतात. पण आडवं पडलं की ऑक्सिजनचं मशीन लागतं. नाकाला नळी, उशाशी मशीन.

फुस्स... फुस्स... रात्रभर.

या आवाजाशिवाय मामांना झोप लागत नाही, आणि या आवाजात त्यांची झोप कधी पुरीही होत नाही. मशीन थांबलं तर? वीज गेली तर? कित्येक वर्षं हा माणूस एका कानानं जागाच आहे.

मामींना एकच हौस उरली होती. डोंगरात एक रात्र काढायची. लॉज नको, हॉटेल नको. खिडकीतून नुसतं आभाळ दिसलं पाहिजे.

म्हणून मामांनी कुपवाडच्या एका कारागिराकडून गाडीमागं जोडायचा छोटा ट्रेलर करून घेतला. दोन माणसं झोपतील एवढा. वर पत्रा, आत गादी, एक पंखा, एक दिवा.

सगळं झालं आणि बॅटरीपाशी अडलं.

बॅटरीचं दुकान मामांच्या शाळेतल्या मित्राचं, भाऊसोचं. मामांनी तिथं इतक्या खेपा घातल्या की चहावाला त्यांचा कप न विचारता आणू लागला. भाऊसोनं सगळं समजावलं. घरच्या इन्व्हर्टरला असते ती ॲसिडची बॅटरी स्वस्त, पण धोंड्यासारखी जड. निम्म्याखाली उतरली की लवकर खराब होते, आणि चार्ज होताना वाफ सोडते. बंद ट्रेलरमध्ये, मामींच्या उशाशी, ती नकोच. लिथियमची महाग, पण हलकी. वाफ नाही, आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येते.

मग एक घ्यायची की दोन?

मामांची गाडी जुनी, पुढं घाट. वजन नको म्हणून एकच घेतली.

"मशीन आणि एक दिवा, गड्या," भाऊसो म्हणाला. "सकाळ झाली तरी उरंल."

मामांनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. ट्रेलर अंगणात लावून दोघं त्यात झोपले. मशीन रात्रभर चाललं. सकाळी मीटरवर बॅटरी अजून बरीच शिल्लक होती.

तेव्हा कुठं ते निघाले.

पाटणच्या पुढं रस्ता चढत गेला. माळाच्या अलीकडे शेवटचं घर होतं बनुबाई नावाच्या म्हातारीचं. तिनं दूध दिलं, वर सपाट जागा आहे म्हणून सांगितलं. वर पूर्वी वाडी होती, धरणाच्या वेळी उठली, एवढंही सांगितलं.

वाडीची आता फक्त जोती उरली होती. चार घरांची. गवतात बुडालेली.

मामांनी ट्रेलर त्यांच्या अलीकडे लावला. जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवण. भाकरी, पिठलं आणि शेंगाची चटणी. मामी दारात बसून पाण्याकडे बघत जेवल्या. किती दिवसांनी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली, हे मामांनी मला दोनदा सांगितलं.

मग धुकं आलं.

पाणी गेलं. डोंगर गेले. मामी आडव्या झाल्या, मामांनी नळी लावली, दिवा लावला.

फुस्स... फुस्स...

मामांनी सवयीनं मीटरकडे पाहिलं. बॅटरी भरलेली होती.

पांघरूण घेऊन पुन्हा पाहिलं...

पाव बॅटरी गेली होती.

त्यांना वाटलं, पंखा चालू राहिला. पंखा बंदच होता. फोनचा चार्जर काढला. दिवाही घालवला. आता फक्त मशीन चालू होतं.

आकडा उतरतच होता.

बॅटरीला हात लावून पाहिला. गरम नाही. वायर कुठं सुटलेली नाही. कुणा तहानेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा, तशी ती रिकामी होत होती.

आणि तेव्हा मामांच्या ध्यानात आलं... बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं.

रातकिडा नाही. वारा नाही. खाली लांबून येणारा गाड्यांचा आवाज नाही.

"आवं," मामी हळूच म्हणाल्या. "तिकडं दिवा हाय."

मामांनी खिडकीतून पाहिलं. धुक्यात, त्या जोत्यांपैकी एकावर, पिवळा उजेड होता. जमिनीपासून वर, छताला बल्ब टांगावा तेवढ्या उंचीवर.

पण तिथं छत नव्हतं.

गुराखी असतील, असं मामा म्हणाले.

मामांनी सरळ मेन स्विच बंद केला. मशीन टुक् करून आपल्या आतल्या छोट्या बॅटरीवर गेलं. ती तासभर टिकते.

त्याच क्षणी बाहेरचा उजेड गेला.

मामांनी स्विच चालू केला.

उजेड आला.

पुन्हा बंद.

गेला...

मामांचा हात स्विचवरच राहिला. मला ते म्हणाले, भीती नंतर वाटली. आधी राग आला. एवढा जीव टाकून एक रात्र मागितली होती, तीही मिळू नये.

त्यांनी ठरवलं, निघायचं. तासाभरात पाटण गाठायचं. गाडीची किल्ली हातात घेतली.

ट्रेलरच्या दारावर टकटक झाली.

जोरात नाही. शेजारणीनं विरजण मागायला यावं, तशी.

मामांनी कडी घट्ट धरली. ओठांवर आपोआप णमोकार मंत्र आला. बाहेरून बाईचा आवाज आला. अगदी साधा. फार थकलेला.

"उजेड घालवू नगा वो. पोरगं जेवतंय."

मामा जागचे हलले नाहीत.

धुक्यातून ताटलीत काहीतरी चाचपडल्याचा आवाज आला. लहान हातानं, अंधारात चाचपडावं तसा. मग एक बारीक मुसमुस...

"चालू करा," मामी म्हणाल्या.

"तुझं मशीन?"

"चालू करा म्हनलं न्हवं. उपाशी पोराच्या तोंडावर दिवा घालवतंय व्हय कुणी?"

मामांनी मला सांगितलं, त्या घडीला त्यांना त्या बाईपेक्षा मामींचीच जास्त भीती वाटली. मामींच्या तोंडावर जरासुद्धा भय नव्हतं. आडवं पडून पडून थकलेला त्यांचा चेहरा कुणी ओळखीचं भेटल्यासारखा शांत झाला होता.

मामांनी स्विच चालू केला.

बाहेर पुन्हा पिवळं झालं. मुसमुस थांबली. ताटलीचा आवाज नीट, सावकाश येऊ लागला.

मामी कोपरावर रेलून खिडकीतून बघत राहिल्या. मामा मीटरकडे बघत राहिले. निम्मी... त्याहून खाली... अगदी तळाशी...

मग बाहेर भांडी घासल्याचा आवाज झाला. पाणी ओतल्याचा झाला.

आणि दिवा गेला.

या वेळी स्विचला कुणी हात लावला नव्हता.

मीटरचा आकडा जिथं होता तिथंच थांबला. बाहेर एक रातकिडा ओरडला, मग दुसरा. मामांनी ट्रेलर जोडला आणि मामींना मशीनसकट पुढच्या सीटवर बसवून ते धुक्यातून उतरले. मागं वळून पाहिलं नाही.

बनुबाईच्या घरात दिवा दिसला तसे थांबले. मामींचा श्वास चढला होता. म्हातारीनं विचारपूस न करता मशीनची वायर भिंतीतल्या बोर्डात खुपसली, मामींना भिंतीशी टेकवून बसवलं. मशीन परत लयीत आलं तेव्हा मामा उंबऱ्यावरच बसले.

त्यांनी म्हातारीला विचारलं, वर कोण मेलं होतं?

बनुबाईनं चुलीत लाकूड सरकवलं.

"वर कुणी मेलं न्हाई," ती म्हणाली. "समदी धडधाकट उठून गेली. मी ल्हान हुते, हितनंच गेली ती. वाडीत तवा वीज आली नव्हती, येवढंच."

ती खोटं का बोलेल?

सांगलीला आल्यावर मामांनी बॅटरी भाऊसोकडे नेली. वाटेत कुठं चार्ज केली नव्हती. भाऊसोनं तपासली आणि हसला. म्हणाला, भरलेली तर आहे, मीटर बिघडलं असेल. त्यानं मीटर तपासलं. मीटर चांगलं होतं.

मामांना वाटलं होतं, विषय संपला.

पण मामींना परत जायचंय.

दिवाळीपासून त्या रोज एकदा तरी विचारतात. मामा काहीतरी कारण सांगतात. गाडीचं काम आहे, थंडी आहे, डॉक्टर नको म्हणतात. परवा मामींनी त्यांना शांतपणे सांगितलं, की या खेपेला एक बॅटरी नेऊ नका. चार न्या.

मामांनी विचारलं, चार कशाला?

तेव्हा मामींनी त्या खिडकीतून काय दिसलं ते पहिल्यांदा सांगितलं. उजेड एकाच घरात होता. बाकीच्या तीन जोत्यांवर माणसं बसली होती. म्हातारी, पोरं, बाया. पुढ्यात ताटं घेऊन, उजेडाकडे तोंड करून...

आपली पाळी कधी येते, याची वाट बघत.

मामांना आता घाटात गाडी झेपत नाही. काल त्यांचा फोन आला होता. चालवायला येशील का, असं विचारत होते. मागून मामींच्या मशीनचा आवाज येत होता.

मी बघतो म्हणालो.

अजून काही कळवलेलं नाही.