टोपलीतला तिसरा पाव

माणसाने चोरी करावी, तर निदान ओठावरचे तीळ तरी पुसावेत. या पोरीला तेवढीही रीत नव्हती.

आमच्या सिराकुसा शहराच्या जुन्या बेटावर ज्या बाईचे गुडघे जातात, तिच्या हातात दोरी येते. मी तिसऱ्या मजल्यावर. माझ्या मुलाची, इयानोची, बेकरी तळमजल्यावर. रोज सकाळी मी टोपली खाली सोडते, तो तिळाचे दोन पाव ठेवतो, मी वर ओढते. अकरा वर्षांत पाव कधी कमी आला नाही. त्या सोमवारी एकच आला.

"इयानो! दोन सांगितले होते!"

"दोनच ठेवलेत, आई!"

मी वाकून पाहिलं. दुसरा मजला माझ्या जावेचा, ती तो पाहुण्यांना भाड्याने देते. खिडकीतून वाळक्या गवताच्या रंगाचं एक डोकं बाहेर आलं होतं. तोंड भरलेलं.

"सुप्रभात, सिन्योरा," ती पुस्तकातल्यासारखं बोलली. "न्याहारी फार उत्तम आहे."

"ती माझी न्याहारी आहे!"

"पण... जागेसोबत न्याहारी धरलेली आहे, असं लिहिलं होतं. मग टोपली खिडकीशी आली. मला वाटलं, किती सुंदर पद्धत—"

आणि खाली इयानो हसला.

त्याची बायको रोझाल्बा त्याला सोडून दूर उत्तरेला, तोरिनोला निघून गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस पाव भाजत होता, पण हसत नव्हता. मी रागवायचं विसरले. म्हणजे विसरले नाही, पुढे ढकललं.

मंगळवारी टोपली जड लागली. तीन पाव! मला कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या मजल्याशी दोरी जराशी हलकी झाली, आणि दोन पावांसोबत एक कागद वर आला. आमच्या चर्चच्या भिंतीचं चित्र. पोरीचं नाव मारित, फिनलंडची. दिवसभर वही घेऊन गल्ल्यांत फिरायची, हरवायची, आणि दर वेळी हरवून नेमकी बेकरीच्या दारात यायची. एवढंसं आमचं बेट. इथे हरवायलाही कष्ट पडतात.

वरून मला सगळं ऐकू येतं. गुडघे गेलेत, कान नाही.

"चर्चच्या भिंतीत हे एवढे जुने खांब कसे?" तिने विचारलं.

"आधी देऊळ होतं. त्याचंच चर्च केलं. आमच्याकडे जुनं टाकत नाहीत."

"आणि नवीन कोणी आलं, तर?"

इयानोने हातावरचं पीठ झटकलं. पुन्हा झटकलं. हातावर पीठ उरलंच नव्हतं.

"...जागा करतात."

बुधवारी जेवताना मी त्याला सुनावलं. "उद्या दुपारच्या बसने जाणार ती. मग तू पुन्हा भिंतीसारखा बसणार, आणि त्या भिंतीसमोर जेवणार मी. तिसरा पाव बंद!"

त्याने काटा खाली ठेवला.

गुरुवारी टोपली वर आली. पाव दोन... आणि दोन्ही उलटे!

आमच्यात पाव उलटा ठेवणं म्हणजे देवाकडे पाठ करणं. आणि आईच्या टोपलीत उलटा ठेवायचा? मी अशी ओरडले, की समोरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"परक्या पोरीसाठी आईला उलटा पाव?"

"मी सरळ ठेवले होते, आई! शपथ!"

मधली खिडकी हळूच उघडली. "मी उलटे केले," मारित म्हणाली. "आज दोनच होते, म्हणून घेतला नाही. पण वरचे तीळ वाऱ्याने गळत होते... तुम्हाला तीळ आवडतात ना?"

समोरच्या खिडक्यांतल्या माना इयानोकडे वळल्या.

"आमच्यात ते... घराला वाईट असतं," इयानो चाचरत म्हणाला.

तिने तोंडावर हात ठेवला. "मी तुमच्या घराला—?" खिडकी मिटली. थोड्या वेळाने जिन्यावरून बॅगेची चाकं उतरू लागली. धप्प. धप्प. दुपार व्हायला अजून अवकाश होता.

पावांखाली कागद होता. त्यावर मी. हातात दोरी, तोंड उघडं. तेही खोटं नव्हतं. आणि खाली, अंगठ्याएवढा इयानो, मान वर करून हसणारा. मला तिसऱ्या मजल्यावरून त्याची टोपी दिसते, हात दिसतात, चेहरा नाही. तो हसतो तेव्हा कसा दिसतो, ते मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या पोरीने पाहिलं होतं.

मी पाव सरळ केले. एकाचं चुंबन घेतलं, त्याने दोष जातो. तो टोपलीत ठेवला आणि दोरी सोडली. माझा अंदाज कधी चुकत नाही. ती दाराबाहेर पडली, आणि टोपली बरोबर तिच्या नाकासमोर थांबली.

इयानो धावत आला. "आई म्हणतेय, जेवून जा."

"मी काही म्हटलेलं नाही!" मी वरून ओरडले.

त्याची टोपी खाली झुकली. मग त्याने ती काढलीच.

"मी म्हणतोय. जेवून जा. म्हणजे... आजची बस जाऊ दे."

"आणि उद्याची?"

"...तीही जाऊ दे."

तिने पाव मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला. दोघांतलं कोणीच खात नव्हतं. नुसते उभे होते, वेड्यासारखे, रस्त्याच्या मधोमध.

मग चाकं पुन्हा जिना चढू लागली. मी दोरी घट्ट धरून ऐकत होते. पहिला मजला. दुसरा मजला... थांबली नाहीत! मी खुर्चीत बसले.

ती दारात उभी राहिली. मागे इयानो, हातात तिची बॅग. तिच्या ओठावर तीळ.

"तू चोर आहेस," मी म्हणाले. "पाव उलटे ठेवतेस. माझं तोंडही फार मोठं काढलंस. पण माझ्या पोराचं बरोबर काढलंस. ओठ पूस आणि टेबलाशी ये. या घरात तुझी न्याहारी धरलेली आहे."