शिफारसपत्रावरचं कुंकू

कल्पेशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो महेश सरांच्या टेबलाखाली होता. नुसते पाय दिसत होते. एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा. मला वाटलं, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आलाय.

"दादा, सर कधी येतील?" मी विचारलं.

"दादा नका म्हणू," टेबलाखालून आवाज आला. "बाकी काहीही चालेल."

मग तो बाहेर आला... केसांत जळमट, हातात प्रिंटरची वायर आणि चेहऱ्यावर असं हसू, की मी कशाला आले होते तेच विसरले. विसरले म्हणजे, दोन सेकंद. मी काही इतकी वाहवत जाणारी मुलगी नाही.

"जिज्ञासा ना? एमएस्सीचं दुसरं वर्ष. बदलापूर."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सरांकडे पीएचडी करतोय, दीड वर्ष झालं. तुमच्या लॅबच्या मागे ती काच आहे ना, तिच्यापलीकडे माझं टेबल आहे." तो वायर गुंडाळत म्हणाला, "तुमचं लक्ष नसेल गेलं."

खरंच गेलं नव्हतं. त्या काचेचा मी आरशासारखा उपयोग करायचे. रोज त्यात बघून केस नीट करायचे, कधी दातात काही अडकलंय का तेही बघायचे. हे आठवलं आणि माझे कान गरम झाले.

माझं काम शिफारसपत्राचं होतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठात मला सांडपाणी शुद्ध करण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. उल्हासनगरात कॉलेजला येताना मी रोज सांडपाण्याने काळ्या पडलेल्या वालधुनी नदीचा पूल ओलांडते, आणि नाकाला ओढणी किंवा रुमाल न लावता तो पूल ओलांडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक म्हणतात, सवय होते. मला ती सवय करून घ्यायची नव्हती. बाकी सगळा अर्ज ऑनलाइन भरून झाला होता. फक्त सरांचं पत्र त्यांना कागदावर हवं होतं, बंद लिफाफ्यात, चिकटवलेल्या जागेवर कॉलेजचा शिक्का आणि सही. उघडलेला लिफाफा चालणार नाही, असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

आता, आमच्याकडे शिफारसपत्राची एक पद्धत आहे. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी चार दिवस कागद घेऊन बसले. 'मी हुशार आहे' असं स्वतःच्या हाताने कसं लिहायचं? आमच्या घरात स्वतःचं कौतुक करणाऱ्याला भाकरीसुद्धा शेवटी वाढतात. शेवटी जे जमलं ते घेऊन आले होते. कल्पेशने ते उभ्या उभ्या वाचलं.

"नियमित, आज्ञाधारक, कष्टाळू," तो म्हणाला. "हे तुमचं वर्णन आहे की बैलाचं?"

मी कागद हिसकावून घेणार तेवढ्यात सर आले. त्यांनीही वाचलं आणि चष्मा काढला. "कल्पेश, तू हिला रोज काम करताना बघतोस. तूच लिही नीट. मी वाचून सही करीन."

"मला दाखवाल ना?" मी त्याला विचारलं.

"नाही. नियम आहे."

"तो नियम मघाशी कुठे होता?"

"मघाशी पत्र बैलाचं होतं."

पुढचे दहा दिवस तो 'माहिती गोळा करत' होता. त्यासाठी लॅबमध्ये विचारलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये एका सिंधी काकांकडे दाल-पकवान खातानाच माणूस खरं बोलतो, असं त्याचं म्हणणं. तुला राग कधी येतो? प्रयोग फसला की आधी काय करतेस? मी सांगायचे, तो ऐकायचा, आणि वहीत एक अक्षर लिहायचा नाही. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. सहाव्या दिवशी त्याने माझ्या हनुवटीला लागलेली चटणी बोटाने दाखवली, हात लावला नाही... आणि का लावला नाही याचा मी घरी पोचेपर्यंत विचार करत राहिले.

"झालं का पत्र?" मी रोज विचारायचे.

"अजून नाही."

"इतकं काय आहे माझ्यात लिहिण्यासारखं?"

तो पकवान मोडत होता. थांबला. "तेच ना यार," तो हळूच म्हणाला. "कुठे थांबायचं ते कळत नाहीये."

अखेर सोमवारी बंद लिफाफा माझ्या हातात आला. मंगळवारी कुरिअर करायचं होतं, नाहीतर मुदतीत पोचणार नव्हतं. मी तो बदलापूर गावातल्या आमच्या घरी नेला, कपाटात ठेवला, आणि सकाळी आंघोळीला गेले. तीच चूक झाली.

बाहेर आले तर लिफाफा फाडलेला. पत्र देव्हाऱ्यात उघडं ठेवलेलं. वरच्या कोपऱ्यात, कॉलेजच्या नावावर, हळद आणि कुंकवाचं ठसठशीत बोट. माझ्या आईने, रखमाबाईने, शांतपणे उदबत्ती लावली होती.

"आई, हे काय केलंस?"

"देवाफुडं बंद पाकीट कसा ठेवायचा? देवाला दिसाया नको का?" आई म्हणाली. "बारावीच्या तिकिटालाबी लावला होता कुकू. पास झालीस ना?"

बारावीचं हॉलतिकीट आणि हे वेगळं, हे सांगता सांगता मला रडूच यायला लागलं. तेव्हा कुठे आईचा चेहरा उतरला. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बरा, चुकला माजा. पन लिवलंय तरी काय त्याच्यात?"

आईला इंग्रजी येत नाही. मी डोळे पुसले आणि एकेक ओळ तिला मराठीत सांगू लागले.

'उत्तर चुकलं तर ही मुलगी आकडे बदलत नाही, प्रयोग पुन्हा करते. मार्चमध्ये तिने एकच प्रयोग अकरा वेळा केला. नवव्या वेळी ती रडली, नाक पुसलं आणि दहावा मांडायला घेतला. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना ती गुणगुणते. गुणगुणणं थांबलं की समजावं, काहीतरी सापडलंय. ती तुमच्याकडे आली तर आमची प्रयोगशाळा फार शांत होईल. तरीही मी तिची मनापासून शिफारस करतो.'

शेवटची ओळ मी दोनदा सांगितली. आईने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"सरांचा वय काय गो?" तिने विचारलं.

"पंचावन्न असेल."

"मंग ह्यो सरांनी नाय लिवला," आई म्हणाली. "जा. ज्यानं लिवला त्याच्याकडं जा."

मी धावतपळत कॉलेज गाठलं तेव्हा दहा वाजले होते. सर अकरा वाजता परीक्षेच्या कामाला बाहेरगावी निघणार होते. कल्पेश काचेपलीकडे एकटाच होता. मी पत्र त्याच्यासमोर ठेवलं. कुंकवाकडे बघून तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"टेन्शन नको घेऊ. फाईल आहे माझ्याकडे, लगेच प्रिंट देतो," तो म्हणाला.

"मी वाचलंय ते."

त्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

"शेवटची ओळ सरांची आहे की तुझी?"

"सरांनी सही केली ना खाली."

"कल्पेश..."

प्रिंटर घरघरू लागला. तो माझ्याकडे न बघता बोलत राहिला. "आधी दुसरंच लिहिलं होतं. तुझंच ते, बैलाचं. तेच टाईप करून ठेवलं. म्हटलं, यावर कोण घेणार हिला? राहील इथेच." तो थांबला. "मग एक दिवस तू पुलावरून येताना दिसलीस, नाकाला ओढणी लावून. लाज वाटली मला माझी. फाडून टाकलं."

मला त्याचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याने ते मला सांगितलं, न सांगताही चाललं असतं, हे त्या रागापेक्षा मोठं होतं.

सर आले. सहीसाठी पुढे केलेला नवा कागद पाहून त्यांनी विचारलं, "आधीच्याचं काय झालं?"

"आईने कुंकू लावलं, सर."

सरांनी ते पत्र हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे, मग कल्पेशकडे जरा जास्तच वेळ. नव्या कागदावर सही केली, लिफाफा स्वतः चिकटवला, शिक्का मारला. "हा घरी नेऊ नकोस," एवढंच म्हणाले.

कुरिअरच्या दुकानात कल्पेश माझ्यासोबत आला. वाटेत एक शब्द बोलला नाही. काउंटरवरच्या माणसाने लिफाफ्याला हात घातला, आणि माझी बोटं तो सोडेनात. दीड वर्ष ज्याच्यासाठी धडपडले ते हातात होतं, आणि ते सोडलं की मी गेलेच, असं वाटत होतं.

"मॅडम, छोडो तो सही," तो माणूस म्हणाला.

"एक मिनिट." मी कल्पेशकडे वळले. "बोल ना काहीतरी. पानभर लिहिलंस की."

"ते इंग्लिशमध्ये होतं."

"मग मराठीत बोल."

त्याने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या बुटांकडे. "जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. कधीच नाही. पण... तू आवडतेस मला. त्या काचेपलीकडून, पहिल्या महिन्यापासून. झालं. सांगितलं."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा आला. "खूप आवडतोस. आणि निवड झाली तर मी जाणार आहे. दोन वर्षं. दोन्ही ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"दोन्ही चालेल?"

त्याने लगेच उत्तर दिलं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त आवडलं. तो खरंच विचार करत होता.

"त्रास होईल," तो म्हणाला. "पण दोन्ही चालेल."

मी लिफाफा सोडला. काउंटरवरच्या माणसाने तो वजनकाट्यावर टाकला, पावती फाडून माझ्यासमोर ठेवली आणि हाताने बाजूला व्हायची खूण केली. मागे रांग होती. आम्ही बाजूला झालो, दोघंही एकाच बाजूला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की माझा रिकामा झालेला हात त्याने धरलाय.