कार्डावर नसलेलं दुखणं

मुलुंडच्या प्रशिक्षण केंद्राच्या जिन्यात एक माणूस पोट धरून कण्हत बसला होता. पहिलाच रविवार, त्यात मला उशीर झालेला. तरी मी बॅग टाकली, त्याच्या शेजारी बसले आणि कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी झाली का, सगळं एका दमात विचारलं. त्याने ऐकून घेतलं आणि मग तो सरळ ताठ बसला.

"खरं वाटलं ना?"

तो तालीम करत होता! त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं मला.

त्याचं नाव नितेश. घाटकोपरला राहायचा, दिवसा कुरिअरच्या ऑफिसात आणि संध्याकाळी हौशी नाटकांत. आमच्या वर्गात तो सरावाचा पेशंट होता. कार्डावर लिहिलेला आजार त्याने पाठ करायचा, आम्ही नर्सेसनी त्याला तपासायचं आणि सपना मॅडमनी आमच्या चुका काढायच्या. मी वाकोल्याची क्लॅरिस, सहा वर्षं वॉर्डात काढलेली. हात चपळ, पण पेशंटचं ऐकून घ्यायला धीर नाही, म्हणून गेल्या खेपेला प्रात्यक्षिकात आपटले होते. या वेळी पास झाले तर आमच्या हॉस्पिटलात आयसीयूची जागा मला मिळणार होती. नाहीतर माझ्याच वॉर्डातल्या व्हॅलेन्सियाला.

पहिल्या रविवारी नाडी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पूर्ण मिनिट मोजायचं, हा मॅडमचा दंडक. मी घड्याळाकडे बघत राहिले आणि नितेश माझ्याकडे. शहात्तर, अगदी नियमित. पुढचे दोन रविवार पोटाचे. पोटाला हात लावण्याआधी तळवे चोळून गरम करायचे असतात. मी चोळायला लागले की तो म्हणायचा, माझ्यासाठी एवढी मेहनत घरीपण कोणी घेत नाही. मी त्याला गप्प पडून राहायला सांगायचे आणि हसू दाबायचे. चहाच्या सुट्टीत तो विचारायचा, मुतखडावाला कसा तळमळतो, आणि मी भर कॉरिडॉरमध्ये त्याला करून दाखवायचे... शनिवारपासूनच मी रविवारची वाट बघायला लागले होते, हे मी मम्मीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चौथ्या रविवारी परीक्षा. हातात आठ मिनिटं. बाहेरून आलेले परीक्षक देवदत्त सर कागद घेऊन कोपऱ्यात बसलेले. कार्डावर ताप आणि खोकला होता, आणि नितेश झकास खोकत होता. या वेळी मी विचारलं, थांबले, त्याला बोलू दिलं. मग मनगट धरलं.

दोन ठोके घाईने आले, एक हुकला... मग भलताच मोठा खंड. मिनिट संपलं तरी मी हात सोडला नाही. सरांच्या कागदावर 'नाडी नियमित' असंच लिहिलेलं असणार. तेवढं म्हणून छाती तपासायला घेतली असती तर पास होते मी.

"कधीपासून होतंय हे?"

"तीन दिवस झाले, सिस्टर. ताप येतो, जातो."

"कार्ड सोड, नितेश. मी तुला विचारतेय."

त्याचा खोकला थांबला. "दोन आठवडे," तो हळूच म्हणाला. "मध्येच धडधडतं. जिना चढलो की दम लागतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"खरा आजारी माणूस सरावाला चालत नाही ना. मॅडमनी दुसऱ्याला आणलं असतं. मग मी तुला कुठे भेटणार होतो?"

इतका राग आला, आणि इतकी भीती वाटली, की त्याच क्षणी मला कळून चुकलं – हा माणूस मला हवा आहे.

मी सरांना सांगितलं, परीक्षा थांबवा, याचा ईसीजी काढायला हवा. सरांनी स्वतः त्याची नाडी पूर्ण मिनिट मोजली आणि मान हलवली. पण तपासणी अर्धवट राहिली, तिचे मार्क देता येणार नाहीत, असंही ते म्हणाले. मी चालेल म्हटलं आणि नितेशला रिक्षात घातलं.

थायरॉइड वाढला होता, त्यामुळे ठोके बिघडले होते. गोळ्यांनी आटोक्यात येईल, वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडायचं होतं, आणि सकाळीच माझा निकाल आला होता. दोन मार्कांनी नापास. आयसीयूत व्हॅलेन्सियाची वर्णी लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन त्याच्या कॉटपाशी गेले आणि सगळं सांगितलं.

"माझ्यामुळे वाट लागली ना तुझी?"

"लागली. सहा महिन्यांनी परत बसेन."

तो चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिला. "मॅडमनी मला कामावरून काढलं गं. आता रविवारी मी कुठला आजार घेऊन येऊ?"

"कुठलाच नको," मी म्हटलं. "वाकोल्याला घरी ये. असाच."