भट्टीवाल्याची मुलगी

"ओ मॅडम, तिथंच थांबा! पाय उचलू नका!"

आवाज वरून आला. मान वर केली, तर छताजवळच्या लोखंडी जिन्यावर एक माणूस उभा होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गॅस कटर. बंद पडलेल्या या पोलादाच्या कारखान्यात माझ्याशिवाय आणखी कोणी असेल, असं मनातही आलं नव्हतं. मी मागच्या भिंतीच्या भगदाडातून आत शिरले होते.

"मी... नुसती बघायला आलेय."

"बघा की! पण ज्या पत्र्यावर उभ्या आहात ना, तो मी सकाळीच तीन बाजूंनी कापलाय. खाली खोल खड्डा आहे."

तो भराभर खाली उतरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि हात पुढे केला. "खाली नका बघू. माझ्याकडे बघा."

बघितलं. सगळा चेहरा काजळीनं माखलेला आणि डोळ्यांभोवती तेवढे दोन स्वच्छ गोल. अगदी घुबड! जीव टांगणीला लागलेला असताना मला हसू फुटलं.

"हसताय?"

"आरशात बघितलंय का स्वतःला?"

"इथं कुठला आरसा... तुम्हीच सांगा ना कसा दिसतो ते."

"घुबडासारखे."

पत्रा सोडून पक्क्या जमिनीवर आले, तरी माझा हात त्याच्या हातातच होता. आधी कोणाच्या लक्षात आलं, कोण जाणे. छताचे निम्मे पत्रे उतरवले होते; तिथून भुरभुर पाऊस आत येत होता आणि गंजलेल्या रुळांवर आवाज न करता पडत होता.

माझ्या बाबांची उभी हयात इथल्या भट्टीवर गेली. कारखाना बंद पडला आणि गाव रोडावत गेलं. आधी तरणी माणसं गेली, मग दुकानं, मग आमच्या गल्लीतली एकेक खिडकी अंधारत गेली. माझ्या मैत्रिणी आता फक्त फोनमध्ये राहतात. मी औषधांच्या दुकानात काम करते. गावात तेवढंच एक दुकान नीट चालतं. बाबा कारखान्याच्या बाजूच्या खिडकीकडे पाठ करून बसतात. "आत कसं होतं हो?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "गेलेल्या माणसाची चौकशी करू नये."

म्हणून मीच गेले होते. आणि मग... पुन्हा गेले. कशासाठी, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

दुपारच्या सुट्टीत आम्ही पालथ्या पडलेल्या ट्रॉलीवर बसायचो. त्याच्या थर्मासातला चहा एकाच झाकणातून. तो कंत्राटदाराबरोबर गावोगाव फिरायचा. जिथं कारखाना बंद पडेल, तिथं.

"म्हणजे तुम्ही आलात की समजायचं, गावाचं काही खरं नाही."

"गिधाडच म्हणा ना सरळ."

"छे, घुबड ठरलंय आपलं."

तो हसला, मग झाकणात चहा ओतत म्हणाला, "खरं सांगू? कुठल्याच गावात कोणी माझ्याशी बोलत नाही. आणि बोलायला लागेपर्यंत काम संपलेलं असतं."

एके दिवशी मी सहज विचारलं, "आता पुढं काय कापणार?"

"भट्टी."

मी झाकण खाली ठेवलं आणि उठून चालू लागले. रागावण्यासारखं त्यानं काय केलं होतं? काहीच नाही. पण घरी बाबांची पाठ दिसली आणि वाटलं, मी कोणाबरोबर चहा पिऊन आले...

पुढचा आठवडा मी तिकडं फिरकले नाही. एका संध्याकाळी तोच दुकानात आला. मनगट भाजलेलं.

"मलम पाहिजे होतं."

मी दिलं.

"राग गेला की नाही?"

"ते औषध इथं मिळत नाही."

तो तसाच उभा राहिला. पाठीमागं गिऱ्हाईक खोकत होतं. मी हळूच म्हणाले, "कापायच्या आधी... एकदा बाबांना आत आणू?"

"उद्याच आणा," तो म्हणाला.

बाबा येतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी कपाटाखालचे कामाचे बूट काढले, पुसले, घातले. कारखान्यात शिरल्यावर ते माझ्यापुढं चालायला लागले. कुठं वळायचं ते त्यांच्या पायांनाच माहीत होतं. भट्टीसमोर मात्र थबकले. मग पुढं होऊन त्यांनी तिच्या अंगावर तळहात टेकवला.

"गार आहे गं," ते म्हणाले. "जन्मभर हिच्यापाशी उभा राहिलो... हात कधी लावता आला नव्हता."

मला पुढं बघवेना. तो बाजूला हेल्मेट काढून, खाली मान घालून उभा होता. बाबांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडं वळले.

"तूच कापणार?"

"हो, काका."

मला वाटलं, आता बोलतील काहीतरी. बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. "जेवतोस कुठं?"

"कुठंही... मिळेल तिथं."

"मग आज घरी ये जेवायला."

तो त्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी आला, आणि येतच राहिला. भट्टी तुकड्या-तुकड्यांनी ट्रकमध्ये चढत होती आणि आमच्या घरात मात्र तिसरं ताट मांडलं जात होतं. बाबा त्याला जुन्या गमती सांगायचे. मी वाढताना तो मान वर करायचा नाही; पण कान लाल व्हायचे.

शेवटचा ट्रक गेला, त्या दिवशी तो बॅग घेऊन दारात आला. पुढचं काम लांबच्या गावाला होतं.

"येशील माझ्याबरोबर?" पहिल्यांदाच तो मला अगं-तुगं करत होता.

"बाबांना सोडून? आणि तू... तू राहशील?"

"इथं कापण्यासारखं काही उरलं नाही गं."

दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच भांडताही येईना. "आवडतोस मला," मी म्हणाले. "एवढं घेऊन जा." त्यानं बॅग खांद्याला लावली आणि तो निघाला.

नंतरचे महिने फार मोठे गेले. कारखान्याच्या जागी मोकळं आभाळ दिसायचं आणि ते बघवायचं नाही. त्याचा फोन यायचा. जेवलास का, बाबा कसे आहेत, एवढ्यावर संपायचा. मी दुकानात जायची, बाबांना औषध द्यायची, दोन ताटं घासायची.

एका रविवारी दुपारी कडी वाजली. दारात तो. चेहरा इतका स्वच्छ, की क्षणभर ओळखलंच नाही.

"काम संपलं?"

"सोडलं. बाजारातल्या वेल्डिंगवाल्याशी बोललोय. इतकी वर्षं तोडत आलो, आता जरा... जोडून बघतो."

"वाक्य पाठ करून आलास?"

"बसमध्ये," तो म्हणाला आणि कान लाल झाले. "त्या दिवशी उत्तर द्यायचं राहिलं होतं. मलाही... तूच. फक्त तूच."

मी बाजूला झाले, त्याला आत यायला वाट दिली.

आतून बाबांनी हाक मारली, "कोण आहे गं?"

"कोणी नाही, बाबा," मी म्हणाले. "घरचंच माणूस आहे."