मागं कुणी राहिलंय का?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझं काही म्हणणं नाही. पण हे घडलंय. माझ्या आईच्या बाबतीत घडलंय. ती शाळेचे गणवेश शिवते आणि बोलतेही तशीच, बेतानं. तिखटमीठ लावून सांगणं तिच्या रक्तात नाही.

रविवार होता. आभाळ भरलेलं. आणि जागा म्हणजे राजधानीचं शहर, जिथे आई आयुष्यात पहिल्यांदाच गेली होती.

गेली होती ती माझ्या मावशीची खोली रिकामी करायला.

मावशीला घरात सगळे भुंगी म्हणायचे. तिचं तोंड मिटलेलं कुणी पाहिलंच नव्हतं, झोपेतसुद्धा गुणगुण चालायची. आई तिच्याहून खूप मोठी. कडेवर घेऊन फिरवलेली बहीण ती.

त्या बडबडीवरच भुंगीनं पोट भरलं. राजधानीत ती गाईड होती. बाहेरगावच्या पाहुण्यांना पायी पायी शहर दाखवायची. तेही राजवाडे आणि पुतळे नाहीत, तर गल्ल्या, वस्त्या, पार टोकाची उपनगरं.

"ताई, पुतळे काय, कुठेही सारखेच उभे असतात. माणसं राहतात कशी ते बघायला ये," ती फोनवर म्हणायची. "तुला माझ्याबरोबर फिरवते."

आणि मग तो दुसराच फोन आला.

टूर संपत आली होती. शेवटच्या उपनगरात, पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात, पाहुणे बसपाशी गोळा झाले होते. भुंगीनं डोकी मोजली. एक आजोबा कमी भरत होते. "तुम्ही इथेच थांबा हं, मी त्यांना घेऊन येते," म्हणाली आणि रस्त्यापलीकडे धावली.

ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही.

आजोबा बसमध्येच होते. मागच्या सीटवर. खाली पडलेला चष्मा शोधायला वाकले होते, एवढंच.

भुंगीच्या खोलीत आवरायला फार काही नव्हतंच. एक पलंग, एक शेगडी, दाराशी झिजलेल्या चपलांची रांग. घरमालकीण जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती.

"भाडेकरू गेला की घर रिकामं होतं, हे माहीत होतं," ती म्हणाली. "जिनासुद्धा रिकामा होतो, ते आता कळलं."

टूर कंपनीचा मालक भेटायला आला. मोठा मनुष्य, पण आईसमोर खुर्चीच्या कडेवर बसला. "ताई, तिनं आखलेली वाट आम्ही अजून चालतो. फक्त शेवटचं उपनगर बंद केलंय. उद्या याल का? तिनं काय काय शोधून काढलं होतं ते तरी बघा."

आई गेली.

नवी गाईड चुणचुणीत पोर होती. हातात पिवळी छत्री. प्रत्येकाच्या गळ्यात तिनं एक डबी अडकवली आणि कानात घालायला तिच्या वायरीचं बोंड दिलं. ती तिच्या माइकमध्ये हळू बोलली तरी सगळ्यांना ऐकू यायचं.

"फार लांब मात्र जाऊ नका," ती म्हणाली. "लांब गेलात की माझा आवाज तुटतो."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीतून ते निघाले. खिडकीखिडकीतून भिंग लावलेले डोळे वर बघत होते. गाईड बोलायची थांबली, फोटोसाठी.

आईच्या कानात मात्र...

कुणीतरी श्वास घेत होतं.

भराभर चालून आल्यावर घेतो तसा.

आईनं गाईडकडे पाहिलं. ती पार पुढे उभी राहून पाणी पीत होती.

माइक चालू राहिला असेल, आईला वाटलं.

पुढे उतरता जिना लागला. दगडी, शेवाळलेला. आई पाय टाकणार, तोच कानात आवाज आला...

"सावकाश, मंडळी. इथली पायरी हलते."

आई कठड्याला धरून तिथेच उभी राहिली.

तो आवाज तिनं बोबडा असल्यापासून ऐकला होता.

"भुंगे?" ती पुटपुटली.

"जिन्याखाली पूर्वी धोबीघाट होता," आवाज म्हणाला. "आता वाळत घातलेले कपडे तेवढे राहिलेत. कुणाची उंची किती, कुणाच्या घरी पोर झालंय, सगळं दोरीवर वाचून घ्या."

शेजारची बाई गाईडच्या कुठल्याशा विनोदावर हसत होती. तिच्या कानात तो विनोद. आईच्या कानात बहीण.

आईनं घाबरून ते बोंड उपटून फेकायला हवं होतं, असं मला वाटायचं. तिला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या कानात आला असता ना तो आवाज, तर तूही कान झाकून घेतला असतास. बाहेर सांडू नये म्हणून."

ती दिवसभर ऐकत राहिली. मधूनमधून बोलतही होती. "भुंगे, मी आलेय गं. बघ तरी. तुझी ताई."

आवाज थांबत नव्हता. ओळखतही नव्हता. आई त्याला नुसती मंडळींतली एक होती.

तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

कारकुनांच्या वसाहतीत टूर संपली. एकसारखी घरं, एकसारखी दारं. पिवळी छत्री डावीकडे वळली. "परतीची बस इकडे!" गाईड ओरडली. मग तिनं माइक बंद करून पिशवीत टाकला. आईनं तो टाकताना पाहिला.

आणि कानात...

"मंडळी, आपली बस उजवीकडे. शेवटची वस्ती राहिलीय अजून."

आई उजवीकडे गेली.

बसमध्ये ती धरून चारच डोकी होती. शहर मागे पडत गेलं. दुकानं संपली, गोदामं लागली, मग मोकळी मैदानं. आवाज कुठे तुटला नाही. उलट स्पष्ट होत गेला.

शेवटच्या थांब्यावर आई एकटीच उतरली. दिवस कलायला लागला होता.

"चला, चला. मागचे या पुढे," आवाज म्हणाला.

आई चालू लागली.

आणि तिच्या मागे... पावलं वाजली.

एक माणूस नाही. घोळकाच. कुणाची काठी टेकत होती, कुणी खोकलं, कुणाच्या नव्या बुटांचा करकर आवाज.

आईनं मागे वळून पाहिलं.

रस्ता मोकळा होता.

ती थांबली. पावलंही थांबली.

"घामानं ब्लाउज पाठीला चिकटला होता," आई सांगते. "पण मागे फिरायचं म्हणजे त्यांच्यातून जायचं ना रे. म्हणून पुढेच गेले."

समोर पाण्याची टाकी दिसली. खाली चौक. रस्त्याच्या कडेला कुणीतरी फुलं ठेवली होती, वाळून काळी पडलेली.

कानातला आवाज डोकी मोजू लागला. तोंडातल्या तोंडात, घाईघाईनं. मग थबकला.

"एक आजोबा राहिले वाटतं. तुम्ही इथेच थांबा हं..."

"नको!" आई किंचाळली. "भुंगे, जाऊ नकोस!"

सायकलवरून जाणारा एक माणूस दचकून वळून बघत गेला.

कानात चपलांचा आवाज. धावतानाचा. लांब जाणारा.

मग काहीच नाही.

धडक नाही, किंकाळी नाही. नुसती शांतता. आणि मागे तो घोळका, श्वास रोखून उभा. वाट बघत.

आईही उभी राहिली. तिला थांबायला सांगितलं होतं ना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही सुचत नव्हतं.

किती वेळ गेला, तिला सांगता येत नाही. रस्त्यावरचे दिवे लागले.

"मंडळी, नमस्कार!" कानात आवाज आला. अगदी ताजा, सकाळचा. "आज आपण असं शहर बघणार आहोत, जे शहरातल्या लोकांनीही बघितलेलं नाही..."

तेव्हा आईला कळलं. ही रोज निघते. रोज इथवर येते. रोज आजोबा कमी भरतात.

तिनं डबी दोन्ही हातांत घेतली, लहानपणी तापात भुंगीचं तोंड धरायची तशी.

"ऐक. माझं ऐक आधी. आजोबा बसमध्ये आहेत गं. मागच्या सीटवर. चष्मा शोधत होते. सुखरूप आहेत. मागं कुणी राहिलेलं नाही, भुंगे. सगळे आलेत. तू ये आता परत."

आवाज वाक्याच्या मध्येच थांबला.

मागच्या घोळक्यात जराशी हालचाल झाली. मग तीही थांबली.

आणि फार हळू, बाहेर अंधारात एकटी राहिलेली पोर विचारते तसं, आवाजानं विचारलं...

"ताई?"

"हो गं. मीच."

"आजोबा बसमध्ये आहेत?"

"आहेत. शपथ."

नुसता श्वास.

"मग ताई... पलीकडून मला हात कोण करतंय?"

डबीतून खरखर आली आणि ती बंद पडली.

आईनं ती हलवली, ठोकली, छातीशी धरून हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. मागची पावलंही नव्हती. चौकात आई, दिवे आणि समोरचा रस्ता, एवढंच.

मालकाला तिनं डबी परत केली तेव्हा काही सांगितलं नाही. घरी आल्यावर मला सांगितलं. एकदाच.

"तू पलीकडे बघितलंस का?" मी विचारलं.

आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"तिनं ताई म्हटलं मला," एवढंच म्हणाली. मग रडली. भुंगी गेल्यापासून अशी रडली नव्हती.

मी परत विचारलं नाही. ती आता बाहेरगावी जात नाही. रस्ता ओलांडताना माझा दंड घट्ट धरते आणि मान खाली घालते.

परवा बाजारात पलीकडच्या फुटपाथवरून कुणीतरी आम्हाला हात केला. उन्हामुळे चेहरा दिसत नव्हता. ओळखीचंच असेल म्हणून मीही हात वर केला.

आईनं तो खाली ओढला. नखं रुतली मला.

"थांब," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला आधी."

आम्ही थांबलो. गाड्या गेल्या, माणसं गेली.

तो हात करतच होता.