उजव्या हाताला लावा

दार लोटून घ्या, आणि मधेच कुणी खिदळू नका. ही ऐकीव गोष्ट नाही, तुमच्या आत्यावरच गुदरलेली आहे. आत्या झुरळ दिसलं की पलंगावर चढते, हे मान्य. पण इतकी वर्षं नर्स आहे ती. मेलेल्या माणसाला घाबरणारी नव्हे.

गेल्या वर्षीची, जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारची रात्र. ड्यूटीवरून परतताना मागच्या गल्लीतल्या शिंप्याने तिला हाक मारली.

"ताई, पोरीचं डोकं सकाळपासून ठणकतंय. जरा बीपी बघता का? आमच्या मशीनवर तर नॉर्मलच येतंय."

पोरगी बारा वर्षांची. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मापासून अरुंद, म्हणून तान्ही असतानाच ऑपरेशन झालेलं. वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई पायाशी बसलेली.

"नेहमी कुठल्या हाताला बघता?"

"डाव्या. उजव्या हाताने ती लिहीत असते ना," आई म्हणाली.

आत्याने डाव्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा आला शहाण्णव. नाव ठेवायला जागा नाही. तरी तिला पोरीचे डोळे बरे दिसेनात.

"ऑपरेशनचे कागद बघू."

दोघं नवरा-बायको खाली कपाट धुंडाळायला गेले. खोली शांत झाली.

"तो हात खोटं सांगतो."

आवाज मागून आला. दारात एक मुलगा उभा होता. चौदा-पंधराचा असेल. तोंडावर अंधार.

"कोण रे तू?"

"उजव्या हाताला लावा."

"अरे, पण..."

"माझ्या वेळीही... डाव्यालाच लावला."

आत्याने पट्टा सोडला. उजव्या दंडाला बांधला. मशीन घुरघुरलं. थांबलं.

एकशे अठ्ठ्याऐंशी.

तिने वळून पाहिलं. दारात कुणी नाही. जिना वाजला नव्हता.

पोरगी पुटपुटली, "दादा... गेला?"

आत्याने पोरीला उचललं, आणि रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. या ऑपरेशनात डाव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी कापून अरुंद जागेला जोडली होती. त्या हाताला दाब कमीच दिसणार. खरा दाब उजव्या हाताचा.

शिंपी भिंतीला टेकला.

"मोठ्याचंही हेच ऑपरेशन होतं, ताई. त्याचंही आम्ही रोज..."

मोठा मुलगा आदल्या वर्षी झोपेतच गेला होता. त्या संध्याकाळीही आकडा छान आला होता.

काय पाहिलं, ते आत्या बोलली नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

पोरगी वाचली. पण मेंदूत रक्त साकळलेलं. अजूनही एकेक शब्द शोधत बोलते.

त्याच पहाटे आई कपडे न्यायला घरी आली. आत्या सोबत होती. कुलूप जसंच्या तसं. दोघी वर गेल्या. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. मोठ्याचा रिकामा पलंग. चादर सपाट.

चादरीवर त्याचा बीपीचा पट्टा. आईने वर्षभर ट्रंकेत कोंडून ठेवलेला.

गोल बांधलेला... मधे दंडाएवढी पोकळी. नळी कशालाच जोडलेली नाही. तरी हवेने टम्म फुगलेला.

आईने हात पुढे केला.

आणि हवा... सावकाश... सुटायला लागली.